लावलं की लावली

आमच्या गल्लीत लक्ष्मणराव लासूरकरांविषयी दोन मतं आहेत. एक, त्यांनी बायकोला जाळलं. दुसरं, बायको त्यांच्या नादापायी जळाली. तिसरं मत माझं आहे. ते ऐकायला कुणाला वेळ नसतो, कारण त्यात चघळायला काही नाही. म्हणून लिहून काढते.

मी मेघा. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, लग्न केलं नाही, आणि गारखेड्यातल्या या रो-हाऊसांमध्ये लासूरकरांची आणि माझी भिंत एकच आहे. एकीकडं फोडणी पडली की दुसरीकडं शिंक येते इतकी एक. त्यामुळं त्या घरातलं मला जे माहीत आहे ते चोरून ऐकलेलं नाही. ते आपोआप ऐकू यायचं.

लक्ष्मणरावांचे आजोबा लासूरला भिक्षुकी करायचे, वडील कोर्टात कारकून होते. हे मात्र वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनवायच्या खात्यात, रमले. कारखान्यात एक परदेशी साहेब काही महिन्यांसाठी आला होता. जाताना त्यानं लक्ष्मणरावांच्या हातात एक मोठं खोकं ठेवलं. खोक्यात एक जुन्या जमान्यातली अमेरिकन मोटार होती, सगळी सुटी. जोडली की खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्श्याएवढी, म्हणजे हातभराहून थोडी लांब. त्या खोक्यानं आमच्या शेजाऱ्याचं उरलेलं आयुष्य गिळलं.

हॉट रॉड म्हणजे काय, हे मला त्यांनीच एकदा अंगणातल्या बुटक्या भिंतीवरून समजावलं होतं. तिकडची पोरं म्हणे जुनी मोटार घेतात, छप्पर कापून बसकं करतात, धूड खाली आणतात, मागं रुंद चाकं लावतात, मोठं इंजिन बसवतात आणि ते दिसावं म्हणून बॉनेटच काढून टाकतात. वर दोन्ही बाजूंना आगीच्या ज्वाळा रंगवतात, जणू इंजिनातून जाळ निघून मागं चाललाय.

"म्हणजे आपल्याकडची पोरं बुलेटचा सायलेन्सर काढतात तसंच की," मी म्हणाले.

त्यांना इतकं लागलं की दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

खोक्यात जसं दिलंय तसं जोडणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. दमयंती, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "चांगली धड वस्तू आणायची, आधी कापायची आणि मग महिनोन् महिने जोडत बसायचं. देवानं ह्यांना उलटा जन्माला घातला." छप्पर हॅक्सॉच्या पात्यानं कापायचं, बारीक कानशीनं घासायचं, पुट्टी भरायची, परत घासायचं. धुराच्या नळ्या इंजेक्शनच्या सुयांच्या व्हायच्या. आतल्या गादीसाठी दमयंतीचा मखमली ब्लाउजपीस गेला. पुढच्या जाळीसाठी चहाची गाळणी गेली, आणि त्या दिवशी चहा माझ्या घरच्या गाळणीनं गाळला गेला. बाकीचा माल छावणीच्या आठवडी बाजारातून यायचा. तिथला भंगारवाला त्यांना ओळखायचा. मी एकदा भाजीला गेले असताना समोर ऐकलंय, "क्या साब, इत्ती-सी गाडी में बैठना किसकू है?" लक्ष्मणराव हसले होते. ते फार क्वचित हसायचे, आणि हसले की दहावीतल्या मुलासारखे दिसायचे.

मागची अडगळीची खोली त्यांनी घेतली. तिथं छोटं लेथ, रंगाची बंदूक, थिनरचे डबे आणि फळ्यांवर ओळीनं उभ्या गाड्या. दमयंती त्या खोलीला 'सवत' म्हणायची. "हे कुठं आहेत?" विचारलं की उत्तर यायचं, "सवतीकडं." आधी ती आत जायची, चहा नेऊन द्यायची. मुलीच्या, चारुताच्या साखरपुड्याला ते बंद झालं. पाहुणे दारात आणि हा माणूस 'एकदा रंग वाळला का बघून येतो' म्हणून आत गेला. बाहेर येऊन व्याह्यांना शाल पांघरली, तर पांढऱ्या शालीवर लालभडक अंगठा उमटला. पाहुण्यांनी हसून सोडून दिलं. दमयंतीनं सोडलं नाही. "पुन्हा त्या सवतीच्या खोलीत पाऊल ठेवलं तर नावाची दमयंती नाही," ती म्हणाली, आणि तिनं ते पाळलं. जेवायला बोलवायचं असलं तरी ती स्वयंपाकघरातून ताट वाजवायची.

हे सगळं हसण्यासारखं होतं आणि आम्ही हसायचो. संसार असेच असतात, कुठंतरी एक खोली बंद असतेच.

त्या खोलीचा एक नियम होता. आत काडी ओढायची नाही, उदबत्ती न्यायची नाही. रंग मारल्यावर थिनरची वाफ कोंडलेली असते, ठिणगी पुरे. हे त्यांनी गॅसवाल्याला सांगितलं होतं, कामवाल्या बाईला सांगितलं होतं, चारुताला लहानपणी दम देऊन सांगितलं होतं, आणि एकदा वीज गेली तेव्हा मी मेणबत्ती घेऊन त्यांच्या मागच्या दाराशी गेले तर माझ्यावर ओरडले होते.

मग त्यांना काचबिंदू झाला. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. त्या उन्हाळ्यात त्यांनी घरची जुनी पांढरी गाडी विकली. रडारड कुणी केली नाही, पण दमयंती म्हणाली, "दारात गाडी नसली की घर भाड्याचं वाटतं गं." आणि लक्ष्मणराव मला म्हणाले, "मेघाताई, हातात आहे ती शेवटची. डोळे तेवढं थांबले म्हणजे झालं."

ती शेवटची गाडी गडद निळी होती. ज्वाळा पिवळ्यापासून शेंदरीपर्यंत आणि टोकाला लाल, एवढ्या बारीक की ते भिंग लावून रंगवायचे. तिच्यावर चकाकी येण्यासाठी वरून पारदर्शक लॅकरचा हात द्यायचा होता. पण हवेत ओल असली की लॅकर फसतं, त्यावर दुधाळ झाक येते आणि महिन्यांची मेहनत वाया जाते. त्या वर्षी पाऊस जाता जाईना. ते रोज सकाळी अंगणात येऊन आभाळाकडं बघायचे, शेतकऱ्यासारखे. पहिलं कडक, कोरडं ऊन पडलं ते नेमकं दसऱ्याच्या सकाळी.

पुढं दमयंतीच्या माहेरच्या, पाचोडच्या लोकांनी यावरूनही बोलून घेतलं. दसऱ्याला हत्यारं पूजेला मांडायची असतात, चालवायची नसतात, त्यानं चालवली म्हणून देवानं शिक्षा केली. अशा देवाशी माझं फारसं जमत नाही. लक्ष्मणरावांना ऊन मिळालं होतं आणि डोळे जात होते, एवढंच खरं.

त्या सकाळी मी पांढरी साडी नेसून दारात रिक्षाची वाट बघत होते. आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, विद्यापीठामागच्या बुद्ध लेणीवर जायचं होतं. भिंतीपलीकडून दमयंतीनं हाक मारली. नवी मोरपंखी साडी, केसात शेवंती, हातात झेंडूचा भला मोठा हार.

"मेघा, बघ गं माझं डोकं. सकाळी उठून ओवत बसले. हार पुरा झाला आणि मग आठवलं, गाडी कुठाय?"

दर दसऱ्याला गाडी धुवायची, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, हार घालायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि ओवाळायचं, हे काम तिचं असायचं. हातांना सवय होती, त्यांनी ते केलं.

"माझ्या स्कूटरला घाला," मी म्हणाले.

"तुझी स्कूटर लाजून मरेल." ती हसली. मग म्हणाली, "सवतीलाच घालते आज. तिलाही चार चाकं आहेत. आणि शेवटची म्हणतात ना ती? जाऊ दे. किती वर्षं धरून बसायचं?"

"काय म्हणतील ते?"

"अंघोळीला गेलेत. बाहेर येऊन बघतील तेव्हा तोंड बघण्यासारखं होईल."

ती आत गेली. थिनरचा वास आमच्या भिंतीला बारा महिने असायचा, त्या दिवशीही होता. त्या सकाळी लक्ष्मणरावांनी खोलीत पाणी शिंपडून धूळ बसवली होती, खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावली होती, लॅकरचे हात मारले होते, आणि ओल्या रंगावर कण बसू नये म्हणून दार घट्ट ओढून घेतलं होतं. रंगकाम करणारा कुणीही हेच करतो. दमयंती हार आणि निरांजनाचं तबक घेऊन तिकडं गेली आणि तिनं दार उघडलं.

गॅसची शेगडी उशिरा पेटली की जसा आवाज होतो तसा आवाज झाला, फक्त घराएवढा मोठा.

मी भिंतीवरून कशी गेले ते मला आठवत नाही. माझी गोधडी वाळत घातली होती, ती घेऊन गेले. लक्ष्मणराव न्हाणीघरातून तसेच ओल्या अंगानं आले होते आणि तिच्या अंगावरची साडी नुसत्या हातांनी ओढत होते. साडी हाताला चिकटून येत होती. ते ओरडत नव्हते. ती ओरडत होती. त्याबद्दल मी यापेक्षा जास्त लिहिणार नाही.

चारुता पुण्याहून दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली. तोवर तिचे मामा, बद्रीनाथ, पाचोडहून येऊन जळीत कक्षाबाहेर उभे होते. बद्रीनाथमामांचं बहिणीवर प्रेम होतं आणि मेहुण्यावर कधीच नव्हतं. त्यांच्या मते साच्याच्या कामाला लागलेला लासूरकर आणि खेळण्यातल्या मोटारी करणारा लासूरकर, दोन्ही वाया गेलेले. तहसीलदार जबाब घ्यायला येऊन गेले होते, पण डॉक्टरांनी सांगितलं, पेशंट बोलण्याच्या स्थितीत नाही. लक्ष्मणराव पुरुषांच्या वॉर्डात होते, दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले.

चारुताला एकटीला आत सोडलं. ती लगेचच बाहेर आली. मी बाकावर होते. तिनं माझा हात घट्ट धरला.

"मावशी, आई बोलली."

"काय म्हणाली?"

"ह्यांनी लाव..."

"ह्यांनी लाव, काय?"

"तेवढंच. पुढचं अक्षर नाही आलं. ओठच राहिले नाहीत तिचे, मावशी."

दमयंती नवऱ्याचं नाव आयुष्यात घ्यायची नाही. 'हे', 'ह्यांनी', 'ह्यांना'. त्यामुळं 'ह्यांनी' म्हणजे कोण, यात शंका नव्हती. बद्रीनाथमामा मागं उभे राहून ऐकत होते.

"काय म्हनाली? ह्यांनी लावली? आगच लावली म्हनाली ना?"

"मामा, ती एवढंच म्हणाली, लाव..."

"दुसरं काय लावतंय मानूस? मी म्हनत नव्हतो? लई दिवसांपासून म्हनत होतो!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. दुपारी ते कुणाकुणाला फोन करत होते. संध्याकाळपर्यंत पाचोडला 'लाव'चं 'ह्यांनीच आग लावली' झालं, आणि तिथून फिरून आमच्या गल्लीत आलं तेव्हा त्यात रॉकेलही मिसळलं होतं. कुणाच्या घरात आता रॉकेल असतं हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

दमयंती पुन्हा बोलली नाही. ती गेली.

पोलिसांना चौकशी करावीच लागते, त्यात त्यांची चूक नाही. हवालदार माझ्याकडं आले. मी त्यांना हाराचं सांगितलं, ती भिंतीवरून जे बोलली ते शब्दन् शब्द सांगितलं. राखेत तबक सापडलं, हाराची तार सापडली. मग ते लक्ष्मणरावांकडं गेले. त्यांना पाणी पाजायला मी तिथंच होते.

"सायेब, तुम्ही म्हनता दार लावलं व्हतं, रंग लावला व्हता. आग कुनी लावली ते सांगा ना."

"आग लागली," लक्ष्मणराव म्हणाले.

"लागली आन लावली यात लई फरक हाय सायेब."

"माहीत आहे मला."

हवालदार भला माणूस होता. त्यानं पुन्हा विचारलं नाही. शेवटी अपघाती मृत्यू म्हणून प्रकरण मिटलं. त्या दरम्यान ज्वाळा रंगवलेल्या मोटारीवर कुणीतरी अचकट विनोद केला आणि मी त्याला गल्लीत सगळ्यांसमोर झापलं. योगायोगाला लाज नसते, माणसाला असावी.

पण पोलिसांनी मिटवलेलं चारुतासाठी मिटलं नव्हतं. तेराव्याला ती वडिलांशी एक शब्द बोलली नाही. तिनं त्यांना भरवलं, औषधं दिली, बँडेज बदलायला माणूस लावून दिला, आणि मामांच्या गाडीतून परत गेली. त्यानंतर त्यांचा फोन तिनं उचलला नाही.

लक्ष्मणरावांच्या खोलीतल्या सगळ्या गाड्या वितळून फळ्यांना चिकटल्या होत्या. महापालिकेची गाडी आली तेव्हा मी ते सगळं भरून दिलं. त्यांनी बघितलंही नाही. त्यांच्या उजव्या हाताची बोटं एकमेकांना जुळून आली, डाव्याची वाकडी झाली. ज्या हातांनी सुईच्या टोकावर रंग तोलला त्या हातांना आता चमचा धरता येत नव्हता. मी डबा द्यायचे, कामवाली बाई भरवायची. त्याचंही त्यांना काही वाटत नव्हतं असं मला दिसायचं. त्यांना एकच हवं होतं, चारुतानं एकदा येऊन समोर बसावं. फोन वाजला की ते कोपरानं तो स्वतःकडं ओढायचे, आणि कुठल्या तरी विम्यावाल्याचा निघायचा.

मग मीच चारुताला फोन लावला. जन्मभर मी खरखरत्या तारांवर लोकांचे तुटके आवाज ऐकून नंबर जोडले आहेत, तुटक्या शब्दाचा उरलेला तुकडा ओळखायची मला सवय आहे.

"चारुता, नीट ऐक. आग असती तर तुझी आई 'लावली' म्हणाली असती. दार असेल तर 'लावलं'. तिला दारच म्हणायचं होतं. ह्यांनी दार लावलं होतं, वाफ कोंडली होती, मला कळलं नाही, असं ती सांगत होती. तुझ्या वडिलांना सोडवत होती गं ती."

"मावशी, तिथं शेवटचं अक्षरच नव्हतं. तुम्ही कुठून लावता?"

"तिनं हार घातला असता का, भांडण असतं तर?"

"मला पोलिसांसारखं समजावू नका. बाबांनी तिच्यावर काडी ओढली असं मला एक क्षणसुद्धा वाटलं नाही."

"मग फोन का उचलत नाहीस?"

ती म्हणाली, "मला त्यांना एक विचारायचंय. आणि ते काय उत्तर देतील याची भीती वाटते."

हे मी लक्ष्मणरावांना सांगितलं. ते म्हणाले, "विचारू दे की."

वर्षश्राद्धाला ती आली. बद्रीनाथमामाही आले. सकाळपासून मी त्यांच्याच स्वयंपाकघरात होते. श्राद्धाला माझ्या हातचं चालतं का, हा प्रश्न दमयंतीच्या घरात कधी आला नव्हता. तो मामांच्या चेहऱ्यावर आला, पण मी खिरीचं पातेलं त्यांच्याच हातात दिल्यावर गिळला गेला. गुरुजी गेले. जेवणं झाली. लक्ष्मणरावांना चारुतानं भरवलं. एवढ्या काळानंतर मुलगी घास देतेय, म्हणून त्यांनी नको असतानाही दोन घास जास्त खाल्ले.

आदल्या दिवशी मी त्यांना बजावलं होतं. 'तुमच्याकडून काही झालं नाही. अपघात होता. तेवढंच म्हणा. मुलगी यायला तयार आहे, तिला वाट द्या.' त्यांनी मान हलवली होती.

चारुतानं ताट बाजूला सारलं आणि त्यांच्या समोर जमिनीवर बसली.

"बाबा, आई काय म्हणत होती?"

"मी नव्हतो तिथं."

"तुम्ही काय काय लावलं होतं त्या दिवशी?"

"दार लावलं." ते हळूहळू बोलत होते, कामाचा क्रम आठवावा तसे. "रंग लावला. खिडकीला चिकटपट्टी लावली."

लावलं, लावला, लावली. माझं व्याकरण तिथंच बसलं. तिन्ही त्यांनीच केलं होतं, आणि दमयंतीच्या तोंडात त्यातलं कुठलं अडकलं हे आता कुणालाच कळणार नव्हतं.

"आत दिवा न्यायचा नाही, हे मला तुम्ही कितव्या वर्षी सांगितलं?" चारुता म्हणाली.

"शाळेत जायला लागलीस तेव्हा."

"गॅसवाल्याला सांगितलं होतं?"

"हो."

"मावशींना?"

"हो."

"आणि आईला?"

मामा पुढं सरकून बसले.

"बाबा, आईला?"

"नाही."

"का?"

"आधी चहा ठेवून लगेच निघायची. मग ती त्या खोलीत यायचीच नाही."

"ती कधी येईल, असं तुम्हाला इतक्या वर्षांत एकदाही वाटलं नाही?"

"नाही वाटलं."

चारुतानं डोळे पुसले नाहीत. तिचा आवाजही चढला नाही. "दार तुम्ही लावलं, वाफ तुम्ही कोंडली, सगळ्या दुनियेला सांगितलं आणि फक्त तिला सांगितलं नाही. मग तुम्हीच मारलं तिला."

"चारुता!" मी ओरडले.

"हो," लक्ष्मणराव म्हणाले.

बद्रीनाथमामा वर्षभर हेच ऐकायला टपून बसले होते. पण ऐकल्यावर त्यांनी मान खाली घातली आणि पंच्यानं तोंड पुसलं. त्या माणसाविषयी मला पहिल्यांदा बरं वाटलं.

चारुता उठली. तिनं वडिलांना वाकून नमस्कार केला, कारण तिच्या आईनं तिला तसं वळण लावलं होतं. पिशवी घेतली आणि ती मामांच्या गाडीत जाऊन बसली. गाडी गल्लीच्या तोंडाशी जाऊन वळली. लक्ष्मणराव उठले नाहीत.

मला राग आवरेना. आजही मला त्यांचा राग येतो. "एक शब्द होता हो," मी म्हणाले, "अपघात. खोटा नव्हता. पोलिसांनी मान्य केला, सरकारनं केला. तो तुमच्या तोंडून ऐकायला पोर पुण्याहून आली होती. तिला तुम्हाला माफ करायचं होतं. आणि तुम्ही तिला 'हो' म्हणून घालवून दिलंत!"

त्यांनी जुळलेली बोटं मांडीवर ठेवली होती. ते तिकडंच बघत होते. त्यांना आता तेवढंही नीट दिसत नव्हतं.

"मेघाताई, एवढ्या वर्षांनी चारुताची आई हार घेऊन माझ्याकडं आली होती हो," ते म्हणाले. "अपघात म्हटलं की तिथं कुणीच नसतं. मग ती कुणाकडंच आली नव्हती असं होतं."

मी मोरीत जाऊन ताटं घासली. चारुताचा फोन अजून आलेला नाही.